राजाचं ताट आणि माझी थुंकी

मी आयुष्यभर थुंकीवर पगार घेतला. हे वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच लिहून टाकते आहे, कारण आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला बजावलं आहे की, 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा, पण ते थुंकीचं तेवढं नको.' आता थुंकीचं नको म्हणजे मी लिहू काय? हे म्हणजे डॉक्टरला दवाखान्याबद्दल लिहायला सांगून पेशंट वगळायला सांगण्यासारखं झालं. तुम्ही हे वाचत असाल तर संपादकांनी कात्री लावलेली नाही, आणि लावली नसेल तर ती माझ्या सासूबाईंना घाबरूनच. सासूबाईंकडे पुढे येतेच.

मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहते. आमच्या मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत आणि मग मी आहे. मी जुनी तैलचित्रं साफ करायचे आणि दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी निवृत्त झाले. नवी ओळख झाली की प्रश्न ठरलेला असायचा, 'पेंटिंग म्हणजे घरांचं का?' एका काकांनी तर त्यांच्या घरामागच्या लाकडी डेकला रंग द्यायचं एस्टिमेट मागितलं होतं. मी केमिस्ट्रीत एम. एस्सी. करून, लग्न होऊन इकडे आले, आणि अशा चित्रांच्या एका लॅबमध्ये बाटल्या धुता धुता हे काम शिकले. म्युझियम, कॉलेजं, चर्च आणि साधी घरगुती माणसं असे सगळेच आमच्याकडे चित्रं आणायचे.

चित्रावर दोन प्रकारचा मळ असतो. एक वरवरचा, म्हणजे धूर, धूळ, हातांचं तेल, माश्यांनी केलेले ठिपके. दुसरा म्हणजे चित्रावर दिलेलं वॉर्निश वर्षानुवर्षांनी पिवळं पडतं, तो. दुसऱ्यासाठी केमिकल्स लागतात. पहिल्यासाठी मात्र चांगल्या चांगल्या लॅबमध्येसुद्धा माणसाची थुंकी वापरतात. तिच्यात पाचक रस, म्हणजे एन्झाइम्स, असतात, ते चिकट मळ सोडवतात आणि खालच्या रंगाला त्रास देत नाहीत. बाजारात कृत्रिम थुंकीही मिळते. मी ती वापरून पाहिली आहे. घरच्याची सर तिला नाही.

पद्धत सोपी आहे. बांबूच्या बारीक काडीवर कापूस गुंडाळायचा, काडी तोंडात फिरवून ओली करायची, चित्रावर नखाएवढ्या जागेवर अलगद लोळवायची आणि मळ आला की टाकून द्यायची. शेवटी शुद्ध पाण्यात भिजवलेल्या काडीनं ती जागा पुसून घ्यायची. वापरलेली काडी पुन्हा तोंडात जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

या कामाला चहा-कॉफी घेऊन बसायचं नसतं, म्हणून सकाळची वेळ उत्तम. दुपारी तोंड कोरडं पडायचं. आमच्या लॅबची प्रमुख ग्रेटा, उंच, शांत, बर्फात वाढलेली बाई. ती डोळे मिटून लिंबाची फोड आठवायची. माझं लिंबानं काही भागायचं नाही. मी टेबलावर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली. खायची नाही. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, झाकण लावायचं आणि कामाला लागायचं. ग्रेटानं त्यावर 'इक्विपमेंट, डू नॉट ईट' अशी चिठ्ठी चिकटवली. एकदा तिनं स्वतः वास घेऊन बघितला तर तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पाणी चुकीच्या ठिकाणी आलं, असं मी तिला सांगितलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका बाईंनी इंटरनेटवर वाचून वडिलांचं चित्र कापलेल्या बटाट्यानं घासून आणलं होतं आणि 'ही लुक्स सो पेल' म्हणून काळजी करत होत्या. दूर चँडलर गावाहून एका मराठी गृहस्थांनी आजोबांचं तैलचित्र पाठवलं. दर दसऱ्याला आजोबांच्या कपाळाला गंध लावायची घरची पद्धत, त्यामुळे गंधाची पापुद्रे धरलेली वडी नाकापर्यंत उतरलेली. गृहस्थ फोनवर म्हणाले, "मॅडम, सगळं क्लीन करा, पण आजीनं लावलेलं गंध तेवढं ठेवा."

"त्यातलं आजीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं?"

"ते तुम्हीच बघा ना. एक्स्पर्ट तुम्ही आहात."

मी एकेक थर काढत गेले. तळाशी एका छोट्या बोटाचा ठसा निघाला. तो तसाच ठेवला आणि फोटो पाठवला. गृहस्थांनी फोन करून आधी ठसा केवढा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "यार, हे बोट तर माझंच असणार. मी पाच-सहा वर्षांचा असेन." शेवटी आम्ही दोघांनी मिळून ते आजीचंच आहे असं ठरवलं आणि चित्र परत गेलं.

आता राजाकडे येते.

इथून दोन-अडीच तासांवर एक छोटं कॉलेज आहे, चर्चनं चालवलेलं. तिथून एक भलंमोठं चित्र आमच्याकडे आलं. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी हौसेनं रंगवलेलं. विषय मध्ययुगातल्या एका राजाचा. राजा नेमका कोणता यावरून त्या कॉलेजातल्या दोन प्राध्यापकांचं बोलणं बंद होतं, म्हणून मी त्यात पडत नाही. राजानं नात्यातल्या मुलीशी लग्न केलं. धर्मपीठानं सांगितलं, सोड तिला. राजा म्हणाला, नाही सोडत. तर बिशप भर दरबारात त्याला वाळीत टाकतो आहे, असा तो प्रसंग. बिशपनं बोट रोखलेलं. शापाची खूण म्हणून विझवून फेकलेली मेणबत्ती जमिनीवर धुमसते आहे. दरबारी एकमेकांना ढकलत दाराकडे निघालेत. राजा-राणी जेवणाच्या टेबलाशी दोघंच उरली आहेत. आणि डावीकडे एक नोकर तोंड फिरवून, दोन बोटांच्या चिमटीत धरून, राजाचं लाकडी ताट शेकोटीत टाकतो आहे.

ताट का जाळायचं, हे ग्रेटानं मला समजावून सांगायला घेतलं. मी म्हटलं, राहू दे. आमच्याकडे 'उष्टं' असा शब्द आहे. तिनं त्याचं इंग्रजी विचारलं, ते मला अजून सापडलेलं नाही.

गंमत म्हणजे हे चित्र त्या कॉलेजच्या जेवणाच्या हॉलमध्ये टांगलेलं होतं. ज्याच्याबरोबर कुणी जेवायचं नाही, त्या राजासमोर बसून मुलं पिढ्यान्‌पिढ्या जेवत होती. स्वयंपाकघराचा धूर आणि तेल चित्रावर बसून राजाचा चेहरा तव्यासारखा झाला होता. उजव्या खालच्या कोपऱ्यात, राजाच्या पायाशी, एक कुत्रा होता. म्हणजे एक काळपट, वाकलेला आकार होता, आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात त्याला 'राजाचा इमानी कुत्रा' म्हटलेलं होतं. मुलांनी त्याचं नाव ड्यूक ठेवलं होतं. परीक्षेआधी ड्यूकला हात लावून जायची प्रथा होती, आणि हात लोण्याचे असायचे. त्यामुळे सगळ्यात जाड मळ त्या कुत्र्यावर.

कॉलेजचे प्रमुख फादर टॉम, सत्तरीचे, गोल, हसरे. त्यांचं एकच म्हणणं होतं की, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्याच्या आत चित्र परत द्या, आणि ड्यूकला जपा.

मी वरून सुरुवात केली. एक दिवस फादर टॉम न कळवता लॅबमध्ये आले. मी तेव्हा बिशपच्या नाकापाशी होते. त्यांनी मला काडी तोंडात घालताना पाहिलं, मग बिशपवर लोळवताना पाहिलं.

"शुभदा, इज दॅट स्पिट?"

"येस, फादर."

"ऑन द बिशप."

"ऑन द बिशप, फादर."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं, गेलं चित्र हातातून. थोड्या वेळानं ते म्हणाले की, त्यांच्या धर्मग्रंथात येशूनं थुंकी लावून आंधळ्याला दृष्टी दिल्याची गोष्ट आहे, त्यामुळे याला आधार आहे. "बट विथ द बोर्ड," ते उठताना म्हणाले, "लेट्स से एन्झाइम्स."

म्हणजे चर्चनं मला पास केलं होतं. अडचण आली ती आपल्या माणसांकडून.

माझ्या सासूबाई सांगलीच्या. दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायच्या आणि दिवाळी करून परत जायच्या. सोवळं-ओवळं, उष्टं-खरकटं यात त्यांचा हात धरणारं मिनेसोटात कुणी नव्हतं. एका चमच्यानं चव घेतली की तो चमचा सिंकमध्ये. पाण्याची बाटली वरून प्यायची. माझी मुलगी ईशा लहानपणी अर्धं बिस्किट आजीपुढे करायची, तेव्हा त्या तिला जवळ घेऊन मुका द्यायच्या, पण बिस्किट घ्यायच्या नाहीत. गौरी कधी बसवायच्या, सुतकात काय चालतं, मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं सोवळ्यात धरायचं का, असे सगळ्यांचे फोन त्यांना यायचे. मंडळाचं धर्मपीठ आमच्या गेस्टरूममध्ये राहत होतं असं म्हटलं तरी चालेल.

मी कामावर काय करते हे मी त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी मंडळानं 'आपली माणसं, आपली कामं' अशी एक टूर काढली. पहिलीच भेट आमच्या लॅबला. मंडळाच्या फूड कमिटीच्या प्रमुख माधुरीताई आल्या, त्यांच्याबरोबर बरीच मंडळी आली आणि सासूबाईही आल्या. मी नवी साडी नेसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या लोकांनी माझ्या कामाबद्दल विचारलं होतं, मला फार आनंद झाला होता.

राजाची गोष्ट सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकली. सासूबाईंनी विचारलं, "मुलगी नात्यातली म्हणजे कोण? आत्याची का मामाची?"

"मामाकडची असावी, आई."

"मग बिघडलं काय? मामाची मुलगी तर चालते." त्यांनी बिशपकडे नापसंतीनं बघितलं. मग शेकोटीतल्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "ताटाचं मात्र बरोबर केलं."

मग मी प्रात्यक्षिक दाखवलं. काडी तोंडात घातली, फिरवली, राणीच्या बाहीवर लोळवली, आणि बाहीची निळाई बाहेर आली. मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. एक-दोघांनी वाजवल्याही. कुणीतरी व्हिडिओ काढला. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर, दूध नासल्यावर पातेल्याकडे बघतो ना, तो भाव होता. आम्ही गाडीत बसून घरी पोहोचायच्या आत माझ्या दूर बॉथेल गावी राहणाऱ्या मावसबहिणीचा मेसेज आला होता, 'अगं, तू चित्रांवर थुंकतेस?'

सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "आणि मग त्याच तोंडानं घरी येऊन स्वयंपाक करतेस?"

"तोंड एकच आहे, आई. आणि स्वयंपाक हातानं करते."

त्यांनी पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःची भाकरी स्वतः करायला लागल्या. सांधे दुखत होते, तरी उभं राहून थापायच्या. माझ्यावर राग नव्हता, नेहमीसारख्या गप्पाही मारायच्या, फक्त माझ्या हातचं खायच्या नाहीत.

मग माधुरीताईंचा फोन आला.

"अगं शुभदा, यंदा ना आम्ही विचार केला, दर वर्षी मोदकांचा त्रास तुलाच का? आम्ही फ्रोजन ऑर्डर केलेत."

"मला त्रास नाही होत, माधुरीताई."

"नाही गं, तू रिलॅक्स कर. तू असं कर ना, पेपर प्लेट्स आण. त्या पॅक्ड येतात."

मी फोन ठेवला. ईशा सुट्टीला घरी आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मॉम, शी इज अ डेंटिस्ट. शी हॅज हर हँड्स इन पीपल्स माउथ्स ऑल डे."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मला फार वाईट वाटलं होतं. या देशात आले तेव्हा मला इंग्रजी बोलताना घाम फुटायचा, गाडी चालवता येत नव्हती, नोकरी नव्हती. मंडळाच्या पहिल्या गणपतीला मी उकडीचे मोदक केले आणि लोकांना माझं नाव कळलं. तेव्हापासून नैवेद्याचे मोदक माझे. माझ्या हातून किती चित्रं उजळली ते मंडळात कुणाला माहीत नव्हतं, पण माझ्या मोदकाच्या कळ्या सगळे ओळखायचे. आणि आता मला पॅक्ड वस्तू आणायला सांगितली होती. आमचा गणपती एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसतो. त्या चर्चनं आम्हाला कधी काही विचारलं नाही. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनीही फोन ऐकला होता. त्यांनी पुढचा गोळा हातात घेतला आणि मला त्यांचाच सगळ्यात जास्त राग आला.

कामावर मी कोपऱ्यापर्यंत पोहोचले होते. कुत्र्याला हात घातला. लोण्याचा आणि धुराचा थर सुटायला वेळ लागत होता, लोणच्याची बरणी सारखी उघडावी लागत होती. आधी कुत्र्याचा पंजा म्हणत होतो तिथे बोटं निघाली. मग कान म्हणत होतो तो डोक्यावरच्या फडक्याचा कोपरा निघाला. आठवडाअखेर कुत्रा उरला नाही. त्या जागी एक वाकलेली म्हातारी होती, मोलकरणीच्या कपड्यात, आणि ती दोन्ही हातांनी राजापुढे एक वाडगा धरून होती. सगळा दरबार एका दिशेनं पळतो आहे आणि ही त्याला वाढते आहे. आमचे सगळ्यांचे हात थांबले. ग्रेटानं फादर टॉमना फोन लावून माझ्या हातात दिला, अवघड बोलणी ती नेहमी माझ्याकडे द्यायची.

"फादर, ड्यूक इज अ वूमन."

फादरनी पलीकडे दार लावून घेतलं.

"अ फीमेल डॉग?"

"नो, फादर. अॅन ओल्ड वूमन विथ अ बोल."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग एक दीर्घ श्वास. "शुभदा," ते म्हणाले, "वी हॅव मग्ज." ड्यूकचे मग होते, ड्यूकचे टी-शर्ट होते, मेळाव्यात लहान मुलांना वाटायला कापडी ड्यूक मागवलेले होते. मी त्यांची मनापासून क्षमा मागितली, जणू कुत्र्याला मीच मारलं होतं.

संध्याकाळी जेवताना हे सगळं मी ईशाला सांगितलं. सासूबाई टेबलाच्या त्या टोकाला स्वतःची भाकरी खात होत्या. राजाला ती म्हातारी वाढते आहे हे ऐकल्यावर त्यांनी घास खाली ठेवला. सकाळी मी निघाले तर त्या चपला घालून दारात उभ्या.

"मला ने तिकडे. ती बाई बघायची आहे."

मी त्यांना चित्रासमोर खुर्ची दिली आणि माझं काम चालू केलं. म्हातारीची बाही राहिली होती. त्या कितीतरी वेळ बघत होत्या, आधी चित्राकडे, मग माझ्याकडे.

"इतकी वर्षं हिला सगळे कुत्रं म्हणत होते?"

"धूर बसला होता, आई. दिसत नव्हती."

"हिला वाढ म्हणून सांगितलं होतं का कुणी?"

"चित्रात तरी तसं दिसत नाही."

"म्हणजे उद्या हिलाही वाळीत टाकतील."

"टाकतील बहुतेक."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "तिचं वय बघ," त्या म्हणाल्या. "तिला काय फरक पडतोय."

निघताना त्या कचऱ्याच्या डब्याशी थांबल्या. डबा वापरलेल्या काड्यांनी भरला होता. "काडी परत तोंडात घालत नाहीस, हे त्या दिवशी सगळ्यांना नीट सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या. मी सांगितलं होतं, पण तेव्हा कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. घरी त्यांनी संध्याकाळी भाकरी स्वतःचीच केली, त्यामुळे मी काही आशा धरली नाही.

गणपतीच्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. "मोदक कर. घरच्या गणपतीला नैवेद्य नको का?" घरच्या गणपतीला मी एरवी अगदी थोडे करते. त्यांनी नारळ भरपूर खोवून ठेवला होता. मी मुकाट्यानं उकड काढली. मोदक झाल्यावर त्यांनी मोठा डबा भरला, तो त्यांच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. मी पेपर प्लेट्स घेतल्या.

हॉलमध्ये आरती झाली. जेवणाच्या टेबलावर फ्रोजन मोदक मांडले होते. वाफवून ते काहीसे चपटे झाले होते. सासूबाईंनी त्यांच्या शेजारी आपला डबा उघडून ठेवला. लोक रांगेनं येत होते, डब्याकडे बघत होते आणि पुढे जात होते. एक म्हणाले, शुगर आहे. एक म्हणाल्या, डाएट चालू आहे. दोघांच्या प्लेटमध्ये फ्रोजन मोदक होते. माधुरीताई माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि सॅलड हलवत राहिल्या.

मी वैतागले. माझाच एक मोदक माझ्या प्लेटमध्ये घेतला, तूप घातलं, आणि भिंतीकडेच्या खुर्चीत जाऊन बसले. अर्धा खाल्ला. चांगला झाला होता, पण गिळवेना. उरलेला अर्धा प्लेटमध्ये ठेवला. दाताच्या खुणा त्यावर स्पष्ट होत्या.

सासूबाई सगळा हॉल ओलांडून सावकाश आल्या. वाटेत त्यांना नमस्कार करायला लोक वाकत होते. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, हात पुढे केला, माझ्या प्लेटमधला तो अर्धा मोदक उचलला आणि तोंडात घातला.

एका बाईंच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. ईशा लांबून बघत होती, तिचा हात तोंडावर गेला होता. अर्ध्या बिस्किटांची ती कित्येक वर्षं तिला आठवली असणार, मलाही आठवली. सासूबाई सावकाश चावत होत्या. गिळल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या, "उकडीला मीठ कमी पडलंय."

"हो, आई."

"सारण छान आहे."

मी नुसती मान हलवली.

मग शुगरवाले काका उठले आणि डब्याकडे गेले. डाएटवाल्या काकू गेल्या. सगळ्यात शेवटी माधुरीताई आल्या, मी आणलेल्या पेपर प्लेट्समधली एक हातात घेऊन. "दोन घेते गं," त्या म्हणाल्या. "बिट्टूलाही एक." मी वाढलं. बिट्टू म्हणजे त्यांचा मुलगा, तो तेव्हा शिकागोला होता.

चित्र वेळेवर परत गेलं. फादर टॉम सांगतात की, मुलं आता परीक्षेआधी म्हातारीच्या वाडग्याला हात लावतात. तिचे मग काढायचा बोर्डाचा विचार चालू आहे. कापडी कुत्र्यांपैकी एक त्यांनी मला पाठवला, तो अजून माझ्या शेल्फवर आहे. मोदक दर वर्षी माझेच असतात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं, आणि हे आजपर्यंत मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो. सगळे निघून जाईपर्यंत सासूबाई गाडीशी रेंगाळल्या. मग म्हणाल्या, "पाण्याची बाटली दे." बाटली घेऊन त्या गाडीच्या मागच्या बाजूला, झुडपांकडे गेल्या, आणि त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. बाटली अर्धी होईपर्यंत त्या चुळा भरत होत्या.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही. "तू जा पुढे, गाडी चालू कर. मी येते."

मी गाडी चालू केली नाही. त्यांची चूळ भरून होईपर्यंत मी पाठ फिरवून तिथेच उभी राहिले, म्हणजे तिकडून कुणी आलं असतं तर त्यांना आडोसा झाला असता.